दिवाळखोराने कसे दिसावे

होडलफिंगनचे रहिवासी गेबहार्ड हेफेले यांचे वैयक्तिक दिवाळे मार्चमधल्या एका मंगळवारी न्यायालयाने रीतसर मंजूर केले, आणि बुधवारी सकाळी ते दाढी करून, शीळ घालत पाव आणायला गेले. गावाची त्यांच्याबद्दलची पहिली तक्रार बुधवारची आहे. मंगळवारबद्दल कुणाचेच काही म्हणणे नव्हते.

दिवाळे का निघाले, हे सगळ्यांना ठाऊक होते. हेफेले बर्फावरच्या लाकडी घसरगाड्या बनवत. आजोबांपासूनचा धंदा. लाकूड वाफेवर वाकवून केलेली ती गाडी आमच्या स्वाबियन डोंगराळ भागात घरटी एक तरी असायची. पण घसरगाडीला बर्फ लागतो, आणि बर्फ पडेनासा झाला. हेफेलेंनी एक हिवाळा वाट पाहिली, मग दुसरा, मग तिसरा. वाट पाहण्यासाठी बँकेने त्यांना हसतमुखाने कर्ज दिले आणि त्यावर त्यांची वैयक्तिक सही घेतली. पुढच्या जानेवारीत बागेत वसंतातली फुले उमलली. ती बघून बायको रोझविथा म्हणाली, "किती सुंदर." हेफेलेंनी टोपी घातली आणि ते तालुक्याच्या कर्ज सल्ला केंद्रात गेले.

तिथे त्यांना कायदा समजावून देण्यात आला. जे आहे ते खरे सांगायचे. तीन वर्षे नोकरी करायची. पगारातला ठरावीक मर्यादेच्या वरचा भाग न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे जायचा. तीन वर्षे नीट वागले की उरलेले कर्ज माफ. यंत्रे गेली, लाकूड गेले, आजोबांनी बांधलेली शेड गेली. शेड गेली त्या दिवशी हेफेले तिच्या दाराशी बराच वेळ उभे होते. मग शेजारच्या गावात खिडक्यांच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली, आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्यांना शांत झोप लागू लागली.

ही झोपच त्यांना भोवली. झोपेमुळे गाल वर आले, रंग उजळला, आणि माणूस शीळ घालू लागला.

दिवाळखोर माणसाबद्दल आमच्या गावाच्या कल्पना ठाम आहेत. तो खंगलेला असावा. त्याच्या घरातला सोफा सरकारी माणसांनी उचलून न्यावा, शक्यतो दिवसा, म्हणजे नीट दिसेल. बायको माहेरी गेलेली असावी. तुरुंग झाला तर उत्तमच. तुरुंगाची सोय होत नसेल, तर निदान खोकला असावा. हेफेलेंकडे यातले काहीही नव्हते, आणि ते ही उणीव भरून काढण्याची खटपटही करत नव्हते.

पहिल्या आठवड्यात शेजारच्या मेर्कबाई सांत्वनाला आल्या. शेवयांच्या सुपाचे मोठे पातेले घेऊन आल्या, कारण आमच्याकडे मयताच्या घरी तेच नेतात. आत येऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"सोफा अजून नेला नाही वाटतं?"

"कोण नेणार?" रोझविथाने विचारले.

"सरकार."

"सरकारला आमचा सोफा नकोय, मेर्कबाई."

"आणि टीव्ही?"

"तोही नको. संसाराला लागणाऱ्या साध्या वस्तूंना हात लावत नाहीत."

"मग नेतात तरी काय?"

"पगारातला वरचा भाग."

मेर्कबाईंचा चेहरा पडला. पगाराचा वरचा भाग खिडकीतून दिसत नाही. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्यावरच्या कॉफीच्या यंत्रावरून त्यांनी बोट फिरवले. "हे मात्र नेतील. नेतीलच. न्यायला आले की मला हाक मारा, मी चांगला भाव देईन."

"ते यंत्र माझं आहे. माझ्या पगाराचं."

"पण तुमचं तर दिवाळं निघालंय."

"यांचं निघालंय. मी कुठे सही केली होती?"

मेर्कबाईंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "पण झोपता तर एकाच पलंगावर," त्या म्हणाल्या.

जाताना त्यांनी सूप हेफेलेंच्या भांड्यात ओतून दिले आणि स्वतःचे पातेले परत नेले. दिवाळखोराच्या घरात रात्रभर राहिलेल्या पातेल्याची कायदेशीर स्थिती काय, याबद्दल त्यांची खात्री नव्हती.

यानंतर झाडण्याच्या पाटीचे प्रकरण झाले. आमच्या गल्लीत रस्ता आणि पायऱ्या झाडण्याचा आठवडा प्रत्येक घराकडे पाळीपाळीने येतो. ज्याची पाळी, त्याच्या दाराच्या कडीला एक लाकडी पाटी अडकवलेली असते. त्या पाटीवर माणसाची किंमत ठरते. एप्रिलमध्ये ती पाटी मेर्कबाईंच्या दारावरून हेफेलेंचे घर ओलांडून थेट पलीकडच्या घरी गेली.

दिवाळे निघाले तेव्हा रोझविथा रडली नव्हती. पाटी चुकली तेव्हा ती घरातली चप्पल न बदलता रस्त्यावर आली.

"पाटी कुठे आहे?"

"अहो, आम्ही म्हटलं, तुमच्यावर आधीच एवढा प्रसंग," मेर्कबाई म्हणाल्या.

"प्रसंग त्यांच्यावर आहे. माझा हात मोडलेला नाही."

"तसं नाही हो. पण दिवाळखोराला सार्वजनिक जागेत झाडता येतं का, हे एकदा बघायला हवं. मतदान तर करता येत नाही म्हणतात."

"येतं."

"लग्न तरी नाही ना करता येत?"

"मेर्कबाई, माझं लग्न झालेलं आहे. दुसरं मलाही करता येत नाही आणि तुम्हालाही नाही."

मग रोझविथाने झाडू घेतला आणि स्वतःची पाळी नसताना सगळी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत झाडून काढली. दुसऱ्याच्या आठवड्यात झाडणे हे आमच्याकडे उघड युद्ध समजले जाते. पडद्यांआडून सारी गल्ली बघत होती. संध्याकाळपर्यंत निष्कर्ष निघाला, की दिवाळखोराच्या बायकोच्या अंगात एवढा जोर आहे, त्या अर्थी घरात काहीतरी खाल्ले जात आहे.

गावच्या गायन मंडळालाही भूमिका घेणे भाग पडले. हेफेले मंडळातले सर्वांत उंच सुराचे गायक. अध्यक्ष ओटमार ब्रेंडले भरदार आवाजाचे आणि भरदार मतांचे गृहस्थ. त्यांनी तातडीची सभा बोलावली. विषय: दिवाळखोराने सार्वजनिक ठिकाणी गाणे कितपत योग्य.

"माझा गेबहार्डवर राग नाही," ब्रेंडले म्हणाले. "आम्ही एका बाकावर शिकलो. पण मंडळाची एक पत आहे. उद्या लोक म्हणतील, ज्याला हिशोब सांभाळता आला नाही त्याला ताल काय सांभाळता येणार."

"ताल सांभाळतो की," कुणीतरी म्हणाले.

"प्रश्न सांभाळण्याचा नाही, दिसण्याचा आहे."

बऱ्याच चर्चेनंतर ठराव झाला. सदस्य हेफेले यांनी गावे, परंतु शेवटच्या रांगेत, मोठ्या कुंडीतल्या रबराच्या झाडामागे. तसेच सोने, खजिना, भरघोस पीक अथवा तत्सम संपत्तीचा उल्लेख असलेल्या ओळींत त्यांनी तोंड मिटून ठेवावे, म्हणजे श्रोत्यांच्या मनात नको ते विचार येणार नाहीत. हेफेलेंनी ठराव ऐकून घेतला आणि फक्त एवढेच विचारले, की गाण्यातला सोनेरी सूर्य संपत्तीत धरायचा की हवामानात. मतदान झाले. सूर्य संपत्तीत गेला.

वसंतोत्सवाच्या कार्यक्रमात सोनेरी सूर्य नेमका सर्वांत वरच्या सुरावर उगवत होता. तो सूर लावणारा गावात एकच माणूस होता, आणि तो झाडामागे ठरावाचे पालन करत उभा होता. सूर्य उगवायची वेळ आली. सभागृहात शांतता पसरली. मंडळाची अब्रू वाचवण्यासाठी अध्यक्षांनी स्वतः तो सूर लावण्याचा प्रयत्न केला. पहिल्या रांगेतल्या एका आजींनी कानातले यंत्र काढून पर्समध्ये ठेवले. पुढच्याच ओळीत संपत्ती नव्हती, त्यामुळे झाडामागून हेफेलेंचा आवाज असा निर्मळ आला की लोक माना वळवून झाडाकडे बघू लागले. टाळ्या झाडाला पडल्या.

ब्रेंडलेंना हे लागले. आणि गावाला आता एक गोष्ट स्पष्ट दिसू लागली. जो माणूस कंगाल असून शीळ घालतो, झोपतो आणि असा गातो, तो कंगाल नाही. त्याने पैसा लपवला आहे. कुठे, यावर मतभेद होते. स्वित्झर्लंड जवळ आहे, हा मुद्दा बहुतेकांना पटला.

प्रशासक, कायद्यातल्या डॉक्टर क्युब्लरबाईंच्या कचेरीत निनावी तक्रारींचा ढीग पडला. प्रत्येक निनावी पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता मात्र होता. पत्र पोचले नाही आणि परतही आले नाही, तर तिकीट फुकट जाते.

डॉक्टर क्युब्लरबाई आल्या. त्यांनी तळघर पाहिले, माळा पाहिला, बँकेचे कागद पाहिले. मग रोझविथाच्या यंत्रातली कॉफी पीत त्या म्हणाल्या, "तक्रारींत मुख्य आरोप असा आहे, की तुम्ही प्रसन्न दिसता."

"हो," हेफेले म्हणाले.

"प्रसन्नता कायद्याने जप्त करता येत नाही. मी शोधून पाहिलं. पण हेफेलेसाहेब, मला प्रत्येक पत्राला उत्तर द्यावं लागतं. कचेरीत आम्ही दोघीच आहोत."

हेफेले स्वभावाने दुसऱ्याला त्रास न देणारे. त्यांनी रात्री विचार केला, अर्थात झोप लागेपर्यंत, आणि सकाळी माळ्यावरून वडिलांचा जुना कोट काढला. कोपरावर विरलेला, एक बटण कमी.

"हे काय सोंग?" रोझविथाने विचारले.

"सोंग नाही ग. लोकांची सोय. त्यांना जे बघायचंय ते एकदा दिसू दे, म्हणजे बाईंची पत्रं थांबतील."

"मी नाही हं फाटकं घालणार."

"तू कशाला? तुझं कुठे दिवाळं निघालंय?"

तो कोट घालून ते पावाच्या दुकानात गेले, शीळ न घालता. रांगेत उभे असताना ते खोकलेही. पुढे त्यांनी मला सांगितले, की खोकला खरा होता, कोटातल्या डांबरगोळ्यांचा. पण परिणाम विलक्षण झाला. सगळी रांग वळली. बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. ज्यांनी महिनाभर त्यांना ओळख दाखवली नव्हती, त्यांनी खांद्यावर हात ठेवले. गावाला त्याचा दिवाळखोर अखेर मिळाला होता.

दुपारपासून दारावर रीघ लागली. आलुबुखाराचे केक, बटाट्यांची पोती, लोणच्याच्या बरण्या, हिवाळी कोट, आणि खाटकाकडून डुकराची अख्खी खारवलेली तंगडी. जितका केक मोठा, तितका देणाऱ्याचा चेहरा उजळ. मेर्कबाईंनी या वेळी सूप पातेल्यासकट दिले, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला सांगितले की पातेल्यासकट दिले.

हेफेलेंनी नियमाप्रमाणे डॉक्टर क्युब्लरबाईंना फोन केला.

"मला केक मिळालेत. ते जाहीर करायचेत."

"किती?"

"मोजले नाहीत. मोजेपर्यंत नवीन येतात."

"प्रथेप्रमाणे मिळणाऱ्या किरकोळ भेटी तुमच्याच राहतात. शिवाय केक नाशवंत. लिलाव होईपर्यंत टिकणार नाही."

"आणि डुकराची तंगडी?"

पलीकडे पेन खाली ठेवल्याचा आवाज आला. "अख्खी?"

"हाडासकट."

"हाडासकट किरकोळ म्हणता येईल का, याबद्दल मला नक्की सांगता येत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी त्यांना म्हणावं, कापून द्या."

हेफेलेंचे वाहन आधीच विकले गेले होते. त्या रिकाम्या गॅरेजमध्ये आता छतापर्यंत बटाटे लागले. आणि मग ज्यांनी बटाटे दिले होते तेच लोक येता-जाता गॅरेजकडे बघून म्हणू लागले, "मजा आहे बुवा. आपण मरमर राबायचं, आणि हा बसून तंगडी खातोय."

पावसाळी नोव्हेंबरातल्या एका रविवारी दुपारी, सगळे गाव जेवून आडवे झाले असताना, ओटमार ब्रेंडले मागच्या फाटकातून हेफेलेंच्या बागेत आले. पुढचे दार असताना अध्यक्ष मागून आले, हे पाहून हेफेलेंनी बाकावरची पाने झटकली आणि त्यांना बसायला जागा केली.

ब्रेंडलेंच्या दारात तेव्हा एक सहलीची चाकांवरची खोली उभी असे. ती त्यांच्या घरापेक्षा थोडी मोठी होती. घरात नवीन स्वयंपाकघर होते, दारात नवीन मोटार होती, छपरावर सूर्याची वीज करणाऱ्या काचा होत्या. यातले काहीही कर्जाने घेतलेले नव्हते. सगळे हप्त्यांनी घेतलेले होते. कर्ज ही नामुष्की असते. हप्ता म्हणजे आमच्याकडे स्थैर्य.

"माझा एक मित्र आहे," ब्रेंडले म्हणाले.

"बरं."

"त्याचे हप्ते जरा जास्त झालेत. एका हप्त्यासाठी दुसरं कर्ज, असं काहीसं. त्याच्या बायकोला माहीत नाही. मी फक्त विचारतोय."

"तुझ्या त्या मित्राला सल्ला केंद्रात जायला सांग. चांगली माणसं आहेत तिथे."

"त्याला तिथे कुणी बघितलं तर?"

"कोण बघणार?"

"तिथे आलेले लोक."

"अरे, ते कशाला आलेले असतील तिथे?"

ब्रेंडलेंनी यावर विचार केला नाही. रोझविथाने आणलेला केक त्यांनी हातात घेतला. तो त्यांच्या बायकोनेच पाठवलेला होता. शेवटच्या कणापर्यंत खाऊन त्यांनी बशी गुडघ्यावर ठेवली.

"गेबहार्ड," शेवटी ते म्हणाले, "झोप खरंच लागते?"

"लागते रे. पहिल्याच रात्री लागली."

अध्यक्षांनी मान हलवली, डोळे पुसले आणि सांगितले की थंडीने पाणी येते. मग ते मागच्याच वाटेने गेले. फाटकाजवळ, घेवड्याच्या मांडवाशी, त्यांची मेर्कबाईंशी टक्कर झाली. मेर्कबाई भाचीसाठी विचारायला आल्या होत्या. त्यांना भाची नाही. दोघांनीही एकमेकांना सांगितले, की आपण घेवडा बघायला आलो. नोव्हेंबरात मांडवावर नुसत्या काठ्या असतात. दोघांनी त्या काठ्यांची मनापासून स्तुती केली.

यातून जे व्हायला हवे ते झाले नाही. आपल्याबद्दल मेर्कबाईंना संशय आला असेल, या भीतीने ब्रेंडलेंनी दुसऱ्याच दिवशी चाकांवरच्या खोलीला विजेवर उघडणारे छत घेतले, हप्त्यांनी. ते छत पाहून मेर्कबाईंनी कॉफीचे यंत्र घेतले, हेफेलेंच्यापेक्षा मोठे. मेर्कबाईंचे यंत्र पाहून सगळ्या गल्लीने यंत्रे घेतली. दिवाळे निघालेले नाही हे सिद्ध करायला गाव दिवसेंदिवस कर्जात शिरत गेले, आणि दर रविवारी दुपारी हेफेलेंच्या मागच्या बागेत घेवड्याच्या काठ्या बघायला येणाऱ्यांची गर्दी वाढत गेली. रोझविथाने दोन बाके जास्त टाकली आणि गॅरेजमधले बटाटे उकडायला घेतले.

तीन वर्षे गेली. न्यायालयाने हेफेलेंचे उरलेले कर्ज माफ केल्याचा कागद पाठवला. त्यांनी तो वाचला, वडिलांचा कोट घडी करून ठेवला आणि शीळ घालत पाव आणला.

त्याच महिन्यात गायन मंडळाची वार्षिक सभा होती, आणि नेहमीप्रमाणे सगळे गाव जमले होते. जुने कोषाध्यक्ष वयामुळे निवृत्त होत होते. मंडळाच्या विमा कंपनीने नवीन अट घातली होती, की कोषाध्यक्षाने आपल्यावर एक पैचेही देणे नाही, असे सर्वांसमोर सही करून द्यावे.

"बरं, कोण इच्छुक आहे?" ब्रेंडलेंनी विचारले.

सभागृहात कुणी हलले नाही. एकाने बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटाला नाडी नव्हती. मेर्कबाई छताकडे बघू लागल्या. मग झाडामागून हेफेले म्हणाले, "मी देतो सही. माझ्यावर काही नाही."

"पण याचं तर दिवाळं निघालंय," मेर्कबाई म्हणाल्या.

"म्हणूनच," रोझविथा मागून म्हणाली.

हेफेले एकमताने निवडून आले. ब्रेंडलेंनी त्यांचा हात हातात घेतला आणि तो सोडायला ते विसरले. पुढच्या मंगळवारी ब्रेंडलेंनी बायकोला सगळे सांगितले. तिने उठून कपाटातून दोघांचे कोट काढले. दोघे बसने सल्ला केंद्रात गेले. प्रतीक्षागृहाचे दार उघडले तर आत मंडळाची पहिली रांग बसलेली होती, मेर्कबाईंसह. सगळ्यांनी एकदम चेहऱ्यासमोर मासिके धरली. काहींची उलटी होती.

"आम्ही एका मित्रासाठी आलोय," मेर्कबाई मासिकाआडून म्हणाल्या.

"आम्ही आमच्यासाठी," ब्रेंडले म्हणाले, आणि बायकोला खुर्ची ओढून देऊन तिच्याजवळ उभे राहिले. हळूहळू एक एक मासिक खाली आले.

होडलफिंगनच्या या मंडळींना तुम्ही मनसोक्त हसला असाल. हसावे, आमची हरकत नाही. आम्हीही हसतो. फक्त एवढे सांगा, की अध्यक्षांच्या दारातले सामान वाचताना तुम्हाला तुमचा कुठला हप्ता आठवला. मित्राचा असला तरी चालेल.